दुपारी बाराच्या आत

वाचकहो, या सदरात एरवी मी शेजाऱ्यापाजाऱ्यांची उणीदुणी काढतो, हे आपल्याला ठाऊकच आहे. अलीकडे ते शेजाऱ्यांनाही ठाऊक झाले असल्यामुळे विषयांचा तुटवडा भासू लागला आहे. तेव्हा दिवाळी अंकाच्या निमित्ताने यंदा घरचेच एक प्रकरण बाहेर काढावे म्हणतो.

२०२३ सालच्या फेब्रुवारीतील गोष्ट. सकाळी अकराच्या सुमारास सांगलीच्या आमच्या घरासमोर एक पोलीस शिपाई येऊन उभा राहिला आणि त्याने माझे संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, खणखणीत आवाजात उच्चारले. समोरच्या गॅलरीत वाळवणाचे पापड उलटे करणाऱ्या वहिनींचे हात थांबले. शिपाई माझाच विद्यार्थी निघाला. छत्तीस वर्षे हायस्कुलात गणित शिकवल्यामुळे आमच्या गावातील कोणत्याही खात्यात माझा एखादा तरी विद्यार्थी निघतोच, आणि तो बहुधा गणितात नापास झालेला असतो.

"सर, साताऱ्याच्या कोर्टाचं समन्स हाय. हितं सही करा," तो म्हणाला, आणि मग आवाज खाली आणून, "काय सर, तुम्ही बी?"

या 'तुम्ही बी'ने मला जेवढी लाज वाटली तेवढी पुढे न्यायाधीशांसमोरही वाटली नाही.

समन्स मोटार भरधाव हाकल्याबद्दलचे होते. तारीख २६ ऑक्टोबर २०२२, वेळ सकाळी अकरा वाजून एकतीस मिनिटे, ठिकाण पुणे-बंगळूर महामार्गावर नागठाण्याच्या अलीकडे. पाटी ताशी ८० किलोमीटरची, आणि माझी गाडी १०७ने चाललेली. दंडाचा संदेश पूर्वीच मोबाइलवर धाडला गेला होता. परंतु गाडीच्या कागदपत्रांवर नंबर होता पुण्याच्या चिरंजीवांचा. त्यांना रोज कुठली ना कुठली बँक 'तुमचे खाते बंद होत आहे' म्हणून कळवीत असल्यामुळे त्यांनी तोही संदेश लबाडीचाच समजून पुसून टाकला. मुलगा सावध निघाला म्हणून बापावर समन्स आले, असे क्वचितच घडत असेल.

आता त्या दिवसाची हकीकत. त्या वर्षी २५ ऑक्टोबरला सूर्यास्ताच्या वेळी खंडग्रास सूर्यग्रहण होते. त्यामुळे पंचांगाची अशी काही ओढाताण झाली, की पाडवा आणि भाऊबीज एकाच दिवशी, २६ तारखेला आली. ज्याची बायको सांगलीत आणि थोरली बहीण साताऱ्यात, अशा माणसाने त्या दिवशी काय करावे, हे पंचांगकर्त्यांनी कुठेही दिलेले नव्हते. आमच्या सौ.ने पाडव्याची ओवाळणी यथासांग केली. ताटात काय पडते यावर थोडी बोलणी झाली. नंतर तिने माझ्या हातात फराळाचा डबा आणि भडंगाची पिशवी देऊन बजावले, "दुपारी बाराच्या आत पोचा हं. अक्का तोवर पाण्याचा घोटसुद्धा घ्यायच्या नाहीत." ती स्वतः माधवनगरला भावाकडे जाणार होती.

भावाला ओवाळल्याशिवाय तोंडात काही घालायचे नाही, हा अक्काचा चाळीस वर्षांचा नेम. अक्का तेव्हा शहात्तर वर्षांची. त्यामुळे 'बाराच्या आत' ही सूचना नव्हती, वटहुकूम होता.

साडेनऊला निघालो. सांगली ते पेठनाका हा रस्ता त्या काळी ज्याने पाहिला आहे त्याला अधिक सांगायला नको. खड्ड्यांमधून रस्ता शोधीत जावे लागे. तिथेच सव्वा तासाच्या वर मोडला. कराडला पोचलो तेव्हा सव्वाअकरा झाले होते. पुढे सातारा पन्नास किलोमीटर, रस्ता मोकळा, चौपदरी, गुळगुळीत. जन्मभर मुलांना काळ-काम-वेगाची उदाहरणे घातलेली. डोक्यात गणित सुरू झाले: ताशी ८०ने गेल्यास साडेसदतीस मिनिटे, गावातील दहा धरून बारा वाजून दोन मिनिटे. वटहुकूम मोडतो! ताशी १०७ने गेल्यास अठ्ठावीस मिनिटे. म्हणजे साडेनऊ मिनिटांची बचत. गणित अचूक होते, पण त्यात एक किंमत धरायची राहिली होती. ते पुढे येईल.

समन्स आल्याचे कळताच आमच्या आळीत सल्लागारांची वाण पडली नाही. एक निवृत्त पेशकार म्हणाले, गाडी तुम्ही चालवत नव्हता म्हणा. म्हटले, मग कोण चालवत होते हे मालकाला सांगावे लागते. मोटार वाहन कायद्याचे १३३ कलमच तसे आहे. "मग जावयाचं नाव सांगा." जावयाचे नाव! दिवाळसणात! दुसऱ्यांचे म्हणणे, लोकअदालतीची वाट पाहा. १९८७च्या कायद्याने आलेली ही लोकअदालत मोठी सोयीची खरी; तिथे तडजोडीने मिटते आणि त्यावर अपीलही नाही. पण माझी तारीख आधी लागली होती.

मी वाचनालयातून १९८८चा मोटार वाहन कायदा आणून वाचून काढला, आणि सांगतो, नाटककारांच्या या गावात इतके करमणुकीचे पुस्तक माझ्या हाती फार दिवसांत पडले नव्हते. वेगाचे कलम १८३वे. २०१९च्या दुरुस्तीपासून हलक्या वाहनाला एक हजार ते दोन हजार रुपये दंड. पोटकलम तीन म्हणते, की 'माझ्या मते गाडी फार जोरात होती' असे एकट्या साक्षीदाराने नुसते सांगून कोणाला दोषी धरता येत नाही. वेग यंत्राने मोजलेला हवा. इथे यंत्राने मोजला होता, माझ्या गाडीच्या पाठमोऱ्या फोटोसकट. ती वाट बंद.

परंतु पोटकलम चार वाचले आणि मी खुर्चीतून उठलोच. प्रवास अमुक वेळेत पुरा करावा असे वेळापत्रक जो छापील किंवा तशी आज्ञा जो देईल, आणि वेगमर्यादा मोडल्याशिवाय तेवढ्या वेळात तो प्रवास होण्यासारखा नाही असे न्यायालयाला वाटेल, तर ती आज्ञा हाच आज्ञा देणाऱ्याविरुद्ध सकृद्दर्शनी पुरावा! त्याच्या आधीच्या पोटकलमात तर आपल्या नोकरीतील किंवा 'आपल्या ताब्यातील' माणसाकडून भरधाव गाडी हाकवणाऱ्यालाही शिक्षा सांगितली आहे. हे कलम बसगाड्या आणि मालमोटारींच्या मालकांसाठी केले असावे. पण कायदा लिहिणारा गृहस्थ विवाहित असला पाहिजे, याविषयी माझ्या मनात शंका उरली नाही.

मी ते मोठ्याने सौ.ला वाचून दाखवले. तिने शांतपणे भाजी निवडता निवडता विचारले, "मग मलाही यावं लागेल का साताऱ्याला? येईन की. अक्कांकडे जाणं होईल." अशा माणसाविरुद्ध खटला चालवून काय मिळणार?

आणखी एक वाट होती. कलम २०८प्रमाणे अशा किरकोळ गुन्ह्यांत आरोपीने स्वतः यावे, वकील पाठवावा, अथवा तारखेच्या आधी ठरलेली रक्कम मनीऑर्डरने धाडून गुन्हा कबूल करावा, आणि ती कबुली मनीऑर्डरच्या कूपनावरच लिहावी! आमच्या पिढीने त्या कूपनाच्या एवढ्याशा जागेत 'येथे सर्व खुशाल' याखेरीज काही लिहिले नाही. तिथेच 'गुन्हा केला' असे लिहायचे हे काही मला जमेना. शिवाय पोस्टातील कारकूनही माझाच विद्यार्थी.

तेव्हा मार्चमध्ये स्वतःच साताऱ्याला गेलो. एस.टी.ने. सत्तर रुपयांचे भडंग आणि एक बचावाचे भाषण घेऊन. भाषणात यंत्राच्या अचूकतेविषयी चार प्रश्न होते, पोटकलम चार होते, आणि इतिहासही होता. १८९६ साली इंग्लंडातील केंट परगण्यात वॉल्टर अर्नोल्ड नावाच्या गृहस्थाने, जिथे ताशी दोन मैलांची मर्यादा होती तिथे आठ मैलांनी मोटार हाकली. शिपायाने सायकलवरून पाठलाग करून त्याला धरले आणि त्याला एक शिलिंग दंड झाला. म्हणजे त्याने मर्यादेच्या चौपट वेग केला होता. मी पुरता दीडपटही नाही. या प्रमाणात माझा दंड काढल्यास न्यायालयालाच मला काही परत करावे लागेल, असा माझा शेवटचा मुद्दा होता.

कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर जागा मिळाली. शेजारी हेल्मेटवाचून सापडलेला एक दूधवाला आणि उसाची ट्रॉली मागचा दिवा नसताना नेणारा एक ट्रॅक्टरवाला. "तुमचं काय, गुरुजी?" त्याने विचारले. मी सांगितले. "एकशे सात!" तो कौतुकाने म्हणाला आणि सरकून मला जास्त जागा दिली. मला ते कौतुक फार लागले.

कारण आता सांगितले पाहिजे. फोटोतील वेळ अकरा एकतीसची. त्यानंतर दीड-दोन मिनिटांनी जे घडले त्याचा फोटो कोणाकडे नाही. महामार्गाच्या मधल्या कठड्याला लोकांनी ये-जा करायला एक फट पाडलेली होती. तिथून एक बाई रस्त्यावर उतरली. नवी साडी, हातात विणलेल्या रुमालाने झाकलेले ताट, मागे सहा-सात वर्षांचा मुलगा. तीही भावाला ओवाळायलाच निघाली असणार. मी ब्रेकवर उभा राहिलो. गाडी किंचाळली, वाकडी झाली. बाई पोराला ओढून मागे कोसळली आणि ताट डांबरावर आपटले, तो आवाज काचा बंद असतानाही मला ऐकू आला. गाडी त्यांच्यापासून हातभर अंतरावरून गेली. आरशात पाहिले: बाई उठून बसली होती आणि पोरगा रस्त्यावर घरंगळणारी सुपारी वेचायला वाकला होता.

मी थांबलो नाही. बारा वाजायला आले होते.

हे मी कोणालाही सांगितले नव्हते. रात्री मात्र गणित घालीत बसे. ब्रेक दाबायला एक सेकंद धरावा, आणि कोरड्या रस्त्यावर चांगले ब्रेक. ताशी ८०ने गाडी सुमारे ५७ मीटरमध्ये थांबते. १०७ने ९३ मीटर लागतात. मधले छत्तीस मीटर म्हणजे आमच्या शाळेतील चार वर्गांची लांबी. त्या चार वर्गांत कुठेतरी ती बाई आणि ते पोर उभे होते.

रामशास्त्री प्रभुणे साताऱ्याजवळच्या माहुलीचे. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला, त्याचा दोष ज्यांनी प्रत्यक्ष राघोबादादांच्या पदरात घातला, त्यांच्या गावापासून एवढ्या जवळ उभे राहून वॉल्टर अर्नोल्डची गोष्ट सांगणे बरे दिसले नसते. पण खरे सांगायचे तर मला रामशास्त्री आठवले ते नंतर. पुकारा झाला, आत गेलो, तेव्हा आठवली ती सुपारी.

"गुन्हा कबूल आहे?" न्यायाधीश माझ्या मुलीच्या वयाच्या होत्या.

"आहे."

"काही सांगायचंय?"

भाषणाचा कागद खिशात होता. "नाही," म्हणालो. त्यांनी एकवार चष्म्यावरून पाहिले, दीड हजार रुपये दंड सांगितला आणि पुढचे नाव पुकारले गेले. सगळे मिळून दोन मिनिटेही नाहीत. नाजराकडे पैसे भरले, पावती घेतली.

यादोगोपाळ पेठेत अक्काकडे गेलो. तिला मात्र सगळे सांगितले, बाईसकट. ती बराच वेळ काही बोलली नाही. कंदी पेढ्यांची बशी पुढे सरकवली, पुन्हा मागे घेतली.

"बाळू, मी गेली पाच वर्षं भाऊबीजेला सकाळी आठलाच खाते," ती म्हणाली. "साखरेचा आजार. डॉक्टरांनी उपाशी राहू नका म्हणून सांगितलंय."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू संध्याकाळी आला असतास. आणि रात्री परत." तिने डोळ्याला पदर लावला नाही, त्यातली ती नव्हे. उठून आत गेली आणि एक नारळ, पाच सुपाऱ्या आणि खणाचा तुकडा घेऊन आली. "जाताना नागठाण्याला उतर. विचार कोण होती ती."

उतरलो. कठड्याची ती फट तशीच होती. जवळच एक चहाची टपरी होती, टपरीवाल्याला विचारले. "कंची बाई? हितनं दिसभर बाया जात्यात-येत्यात, काका," तो म्हणाला. तिथे तासभर बसलो, दोन चहा घेतले. अर्ध्या तासात अठरा माणसे त्या फटीतून गेली. मोजायची सवय. मग पुढची एस.टी. धरली.

"हा नारळ कुठला?" सौ.ने दारातच विचारले. मी तिलाही मग सांगितले. तिने तो नारळ फोडला नाही. देवाजवळ ठेवून दिला. पुढे तो वाळून आतून वाजू लागला तरी तिथेच होता.

त्यानंतरच्या भाऊबीजेला मी निघालो तेव्हा सौ. दारापर्यंत आली, डबा दिला, पाण्याची बाटली दिली, आणि काहीतरी सांगण्यासाठी तोंड उघडून ते मिटले.

"किती वाजेपर्यंत पोचू?" मी विचारले.

"ते मी सांगायची नाही," ती म्हणाली. "पोटकलम चार."