सहल लोकलचीच काढा!

अर्नाळ्याहून मुंबईला सहल निघाली, की तिथे काय काय पाहायचे याची यादी होते. वाटेतल्या विरार लोकलकडे मात्र कोणी लक्ष देत नाही. माझ्या मते तीच खरी प्रयोगशाळा आहे!

विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली लोकल १२ एप्रिल १८६७ रोजी धावली, ती वाफेवर. विजेची गाडी विरारला पोचली १९३६ साली. तेव्हा तारेत १५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह असे. २०१२पासून चर्चगेट ते विरार २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह आहे. हा बदल कशासाठी? दाब सुमारे सतरापट झाला, तर तेवढ्याच शक्तीला प्रवाह सतरावा हिस्सा पुरतो. तारेत उष्णतेने वाया जाणारी वीज तर प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ती किती घटेल? तुम्हीच गणित करा.

आता गाडीत बसा. दर स्थानकाची वेळ टिपा. विरार ते चर्चगेट सुमारे ६० किलोमीटर, त्यावरून सरासरी वेग काढा. ब्रेक लागताना कान द्या. नव्या गाड्यांत त्या क्षणी मोटारच जनित्र बनते आणि गाडीच्या गतिज ऊर्जेचा काही भाग वीज होऊन तारेत परततो.

शिक्षकांना विनंती, सुट्टीच्या दिवशी, दुपारची कमी गर्दीची वेळ निवडा. मुलांना दारापासून दूर बसवा. गती आणि वीज फळ्यावर शिकवून झाल्यावर ती धावताना दाखवायला नको का? त्यासाठी खर्च एका तिकिटाचा!