मालवणचा समुद्र आणि आपण

२००५ साली सिंधुदुर्ग धर्मप्रांत स्वतंत्र होईपर्यंत मालवणचा किनारा पुणे धर्मप्रांतातच होता. तेथील मच्छीमारांचे गाऱ्हाणे पुणेकर ख्रिस्ती बांधवांना परके वाटू नये.

शासनाने १९८७ साली तेथे २९.१२ चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य घोषित केले. पोटावर पाय येईल ह्या भीतीने मच्छीमारांनी त्यास विरोध केला. वस्तुतः समुद्र ओरबाडला तो किनाऱ्यावरून रापण ओढणाऱ्यांनी नव्हे. पर्ससीनचे जाळे माशांचा अख्खा थवा वेढून तळाकडून आवळले जाते. एलईडीच्या प्रखर उजेडाकडे तर मासळी आपणहून खेचली जाते. राज्याने २०१६ साली पर्ससीनवर निर्बंध आणले, केंद्राने २०१७ साली एलईडी मासेमारीस बंदी केली, २०२१ च्या सुधारित कायद्याने दंड लाखांच्या घरात नेला. तरीही तक्रारी थांबलेल्या नाहीत, कारण हा गुन्हा बहुधा रात्री, किनाऱ्यापासून दूर घडतो.

दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी 'लाउदातो सी' ह्या २०१५ च्या परिपत्रकात बेसुमार मासेमारीविषयी चिंता व्यक्त केली होती. (उपवासकाळातील शुक्रवारी मांस वर्ज्य करून सुरमई शोधणाऱ्या आम्हां सर्वांनाच ती लागू पडते.) मच्छीमारांना वगळून अभयारण्य राखण्यापेक्षा रापण संघांना गस्तीत अधिकृत स्थान देणे अधिक न्याय्य ठरेल, असे आम्हांस वाटते.