काचेतला समुद्र आणि फेसाचा हिशेब

दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात मत्स्यालय ठेवण्याची प्रथा आता सर्वत्र रुळली आहे. गोड्या पाण्यातील सोनमाशांपासून सुरू झालेली ही हौस आपल्या व्यवसायबंधूंपैकी काहींच्या बाबतीत खाऱ्या पाण्यातील प्रवाळांपर्यंत जाऊन पोहोचली आहे. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या इंदूरसारख्या शहरात, नर्मदेचे पाणी आर. ओ. यंत्रातून शुद्ध करून व त्यात पस्तीस किलो मीठ मिसळून हजार लिटरचा समुद्र उभा करणे हे काम कौतुकाचेच आहे. मात्र त्या हौसेबरोबर एक प्रश्न हमखास विचारला जातो, तो म्हणजे ‘प्रोटीन स्किमर कोणत्या कंपनीचा घ्यावा?’ हा प्रश्न चुकीच्या टोकाकडून विचारला जात आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

स्किमरचे तत्त्व वैद्यकास नवे नाही. प्रथिनमूत्रतेच्या रुग्णाच्या लघवीला फेस का येतो, हे आपण विद्यार्थिदशेतच शिकलो आहोत. ज्या रेणूंचे एक टोक जलस्नेही व दुसरे जलविद्वेषी असते, ते हवा आणि पाणी यांच्या सीमेवर गोळा होतात आणि फेसाला स्थैर्य देतात. स्किमरच्या नळकांड्यात हवेचे असंख्य सूक्ष्म बुडबुडे सोडले जातात, हे रेणू त्यांना चिकटून वर चढतात आणि तपकिरी, दुर्गंधीयुक्त द्रवाच्या रूपाने वरच्या पेल्यात साठतात. माशांची विष्ठा, उरलेले खाद्य आणि प्रवाळांचा स्राव कुजून त्याचा अमोनिया होण्यापूर्वीच त्यातील काही भाग पाण्याबाहेर काढणे, एवढेच या यंत्राचे काम आहे.

म्हणूनच स्किमरला ‘मत्स्यालयाचे मूत्रपिंड’ म्हणण्याची जी रीत पडली आहे, ती मला मान्य नाही. मूत्रपिंड निवड करते, हवे ते परत शोषून घेते आणि युरिया बाहेर टाकते. स्किमरला अमोनिया, नायट्रेट वा विरघळलेले फॉस्फेट थेट काढता येत नाही, कारण हे आयन बुडबुड्याला चिकटतच नाहीत. ते काम जिवंत खडकांतील जिवाणूंचे, शैवालाचे आणि नियमित पाणीबदलाचे आहे. उलट स्किमरमुळे पाण्यात प्राणवायू मिसळतो, तेव्हा उपमाच द्यायची तर त्याला थोडेसे फुप्फुस म्हणावे. हा शब्दच्छल नव्हे. मूत्रपिंड म्हटले की माणूस निर्धास्त होतो, आणि मग पाणी बदलणे राहून जाते.

आता क्षमतेविषयी. खोक्यावर ‘१००० लिटरसाठी’ असे छापलेले असते. या आकड्याला कोणतेही सर्वमान्य प्रमाण नाही. प्रत्येक उत्पादक तो आपापल्या सोयीने ठरवतो. आपण औषधाची मात्रा रुग्णाचे वजन आणि त्याच्या मूत्रपिंडाचे कार्य पाहून ठरवतो, बाटलीवरील चित्र पाहून नव्हे. त्याच न्यायाने हजार लिटरच्या टाकीत चार लहान मासे आहेत की दिवसातून तीनदा खाणारे वीस मोठे मासे आहेत, यावरून स्किमर ठरला पाहिजे. भार कमी असेल तर छापील क्षमता पुरेशी ठरते. भार अधिक असेल तर त्याहून मोठा स्किमर घ्यावा. परंतु ‘जितका मोठा तितका चांगला’ हेही खरे नाही. हलक्या भाराच्या टाकीवर अवाढव्य स्किमर लावला तर रुंद मानेत फेस टिकत नाही आणि पेला कोरडाच राहतो.

या बाबतीत अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठाचे रसायनशास्त्रज्ञ केन फेल्डमन यांनी २००९ च्या सुमारास केलेली मोजमापे उद्बोधक आहेत. त्यांनी गाईच्या रक्तातील अल्ब्युमिन व प्रत्यक्ष रीफ टाकीचे पाणी वापरून वेगवेगळे स्किमर तपासले. पाण्यातील एकूण सेंद्रिय कर्बापैकी स्किमरला काढता आलेला भाग साधारण एक पंचमांश ते एक तृतीयांश एवढाच होता, आणि निरनिराळ्या रचनांमधील फरक जाहिरातींवरून वाटतो तेवढा मोठा नव्हता. म्हणजे दुप्पट किंमत मोजून पाणी दुप्पट स्वच्छ होईल, ही अपेक्षा निराधार आहे.

मग पाहावे काय? पहिली गोष्ट म्हणजे हवा. एक लिटर हवेचे एक मिलिमीटर व्यासाचे बुडबुडे केले तर त्यांचे एकूण पृष्ठफळ सहा चौरस मीटर भरते. व्यास निम्मा केला की ते बारा होते. म्हणून यंत्र ताशी किती हवा ओढते आणि ती किती बारीक करते, हे विचारावे. आज बहुतेक स्किमरमध्ये हे काम सुयांसारखे दात असलेला पंखा करतो. दुसरे म्हणजे बैठक. स्किमर ज्या कप्प्यात उभा राहतो तेथील पाण्याची पातळी स्थिर हवी, अन्यथा फेस कधी पेल्याबाहेर उतू जातो तर कधी चढतच नाही. तिसरे म्हणजे सफाई. मानेवर साचणारा चिकट थर आठवड्यातून दोनदा तरी पुसावा लागतो. ज्या यंत्राचा पेला काढायला पाच मिनिटे खटपट करावी लागते, ते कितीही उत्तम असो, महिन्याभरात दुर्लक्षित होते. चौथे म्हणजे पंप. त्याचा आवाज, त्याचा वीजखर्च आणि त्याचे सुटे भाग येथे मिळतात की नाही, याची चौकशी आधी करावी. बंद वातानुकूलित खोलीत माणसांच्या श्वासोच्छ्वासाने कर्बवायू वाढतो व पाण्याचा सामू उतरतो. अशा ठिकाणी स्किमरची हवेची नळी खिडकीबाहेर नेणे हा अगदी स्वस्त उपाय आहे.

या सर्वांहून मोठा प्रश्न मात्र नैतिक आहे. मालवणजवळचा समुद्र १९८७ पासून अभयारण्य आहे, आणि २००१ साली सर्व अश्मप्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ व समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत समाविष्ट झाले. आपल्या किनाऱ्यावरचा प्रवाळाचा तुकडा ‘शोभेसाठी’ उचलून आणणे हा गुन्हा आहे. काचेत ठेवायचेच असेल तर मनुष्याच्या देखरेखीखाली वाढवलेले आणि रीतसर कागदपत्रे असलेलेच जीव ठेवावेत. जागतिक तापमानवाढीमुळे २०२४ साली जगभरातील प्रवाळ पुन्हा एकदा पांढरे पडत असल्याचे जाहीर झाले. अशा काळात आपल्या घरी आलेला प्रत्येक प्रवाळ ही वस्तू नसून रुग्ण आहे, असे मानले पाहिजे.

तेव्हा स्किमर विकत घेण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. वीज गेली तर चार तास हवा चालू राहील अशी सोय आपल्याकडे आहे काय? आपण परगावी गेलो तर पेला धुणारे माणूस घरी आहे काय? दर पंधरवड्याला शंभर लिटर खारे पाणी तयार करण्याची चिकाटी आपल्यात आहे काय? तिन्हींचे उत्तर ‘होय’ असेल, तर मध्यम किमतीचा कोणताही सुबक स्किमर आपली टाकी उत्तम सांभाळील. एकाचेही उत्तर ‘नाही’ असेल, तर प्रतीक्षागृहात गोड्या पाण्याचे मासे ठेवावेत. रुग्णांच्या मनाला त्यांनीही तेवढाच विरंगुळा मिळतो. जे जीव स्वतःहून आपल्याकडे आले नाहीत, त्यांच्या बाबतीत आपली जबाबदारी अधिकच मोठी, एवढेच या निमित्ताने सुचवावेसे वाटते.