जटा कुणाच्या, जट कुणाची?

एखाद्या केशरचनेचे मूळ कोणत्या संस्कृतीत आहे, या प्रश्नाने अलीकडे मालकीहक्काच्या दाव्याचे रूप घेतले आहे. ‘ड्रेडलॉक्स’ या नावाने जगभर ओळखल्या जाणाऱ्या केसांच्या पिळांविषयी आपल्याकडील सुशिक्षित वर्ग अभिमानाने सांगतो, की त्या मुळात आमच्या ऋषिमुनींच्या जटा होत. पुराव्यादाखल ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील केशिसूक्त पुढे केले जाते, शिवाच्या जटाभाराचा दाखला दिला जातो. दाखल्यांविषयी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यांतून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षाविषयी. प्राचीनता सिद्ध झाली म्हणजे मालकी सिद्ध झाली, हा तर्कच सदोष आहे.

न विंचरलेले केस गुंततात आणि कालांतराने त्यांचे पीळ होतात, हा केसांचा धर्म आहे; त्याला कोणत्याही संस्कृतीची अनुज्ञा लागत नाही. संस्कृती देते तो त्या पिळाला अर्थ, आणि असा अर्थ वारशाने मिळत नाही. तो ज्याचा त्याला कमवावा लागतो. जमैकात १९३० च्या दशकात उदयास आलेल्या रास्ताफारी पंथाने या केसांचे नाते बायबलमधील व्रतस्थाने डोक्याला वस्तरा लावू नये, या आज्ञेशी जोडले. १८४५ पासून भारतीय मजूर जमैकात नेले गेले. त्यांच्यामुळे साधूंच्या जटांचा प्रभाव तेथे पडला, असे काही अभ्यासक मानतात, तर काहींना ते अमान्य आहे. घटकाभर तो प्रभाव मान्य करू. तरीही १९६३ साली कोरल गार्डन्सच्या प्रकरणात ज्या रास्ताफारींना पकडून त्यांचे केस बळाने कापले गेले, त्यांच्या अवहेलनेत आपला वाटा कोणता? जमैकाच्या सरकारने २०१७ साली त्या प्रकरणाबद्दल क्षमा मागितली, ती त्यांची, आपली नव्हे. ज्यांनी या केसांची किंमत मोजली, त्यांना आपण ‘हे आमच्याकडून उचललेले’ असे सुनावणे हा इतिहास नव्हे, उर्मटपणा आहे.

परंतु या अभिमानाची खरी परीक्षा जमैकात होत नाही. ती कोल्हापूर-बेळगावच्या टापूत होते. मराठी भाषेने येथे मोठा बोलका भेद केला आहे. तपस्व्याच्या मस्तकावर असतात त्या ‘जटा’; गरिबाघरच्या मुलीच्या डोक्यात निघते ती ‘जट’. केस तेच, गुंता तोच. एका शब्दाच्या वाट्याला वंदन आले आणि दुसऱ्याच्या वाट्याला भय. जट म्हणजे सौंदत्तीच्या यल्लम्माचे बोलावणे, ती कापली तर देवी कोपेल, या समजुतीने कितीएक मुली, बहुतांशी दलित घरांतल्या, देवीला सोडल्या गेल्या. राजन गवस यांची ‘चौंडकं’ ही कादंबरी याच देवदासींच्या जगाची आहे. कर्नाटकाने १९८२ साली आणि महाराष्ट्राने २००५ साली या प्रथेविरुद्ध कायदे केले. तरीही मानेला ओढ लावणारी जट वर्षानुवर्षे वागवणाऱ्या स्त्रिया आहेत, आणि त्यांची समजूत घालून ती सोडवणाऱ्या अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांना आजही घरोघरी जावे लागते. जटांचा वारसा सांगणाऱ्यांच्या यादीत ही जट कधीच का नसते?

याच समाजाच्या वरच्या थरात नेमके उलटे घडत होते. तेथे विधवेला केस राखण्याची मुभा नव्हती. ‘पण लक्षात कोण घेतो!’ या कादंबरीत हरिभाऊ आपट्यांनी यमूच्या केशवपनाचा प्रसंग रंगवला, तो या सक्तीचा लेखी पुरावाच होय. एकीला केस कापता येत नाहीत, दुसरीला ते ठेवता येत नाहीत. आणि दोघींच्या वतीने निर्णय घेणारे मात्र संस्कृतीचे मालक म्हणून मिरवतात.

मग मूळ शोधूच नये काय? अवश्य शोधावे. विद्वत्तेचे ते कामच आहे. मात्र मूळ सांगणे वेगळे आणि सातबारा दाखवणे वेगळे. केसांवर पहिला आणि शेवटचा हक्क ते ज्याच्या डोक्यावर आहेत, त्याचा आहे: राखण्याचा आणि उतरवण्याचाही. अमेरिकेत २०१६ साली एका अपिली न्यायालयाने असे पीळ कापण्यास नकार देणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रीला नोकरी नाकारणे वैध ठरवले. २०१९ साली कॅलिफोर्निया राज्याने अशा भेदभावाविरुद्ध कायदा केला. त्या वादाच्या मुळाशी हे केस प्रथम कोणाचे, हा प्रश्न नव्हता. त्या स्त्रीला आपल्या केसांसह सन्मानाने जगता येईल काय, एवढाच होता.

आपल्याकडेही प्रश्न एवढाच आहे. ज्यांना ऋषींच्या जटांवर वारसा सांगायचा असेल, त्यांनी तो खुशाल सांगावा; पण वारशाबरोबर ऋणही येते. यल्लम्माच्या नावाने वाढवलेली जट आणि आलवणाखाली झाकलेले मुंडण ही दोन्ही त्याच इस्टेटीतील आहेत. ती स्वीकारल्याखेरीज उरलेल्या मिळकतीवर दावा करता येणार नाही.