सिस्टीम घेत नाही, सर!

गेल्या महिन्यातली गोष्ट. आईचा उजवा खांदा आखडला आणि डॉक्टरांनी सांगितलं, आता कपडे पिळणं बंद. त्याच संध्याकाळी बाबांनी जाहीर केलं की वॉशिंग मशीन घ्यायचं, आणि ते त्यांच्या पैशातून घ्यायचं. मी आणि बायको गेली चार वर्षं हेच सांगत होतो. पण आमच्या घरात कन्सल्टेशन फी घेतल्याशिवाय कुणाचं ऐकायची पद्धत नाही. असो.

आई-बाबा नारायण पेठेत राहतात. तिसरा मजला, लिफ्ट नाही. त्यांच्याच गल्लीतले एक काका छोटा हत्ती चालवतात. बाबांनी त्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं: रविवारी सकाळी अकरा वाजता, चारशे रुपये, मशीन वर चढवून देण्यासकट. काका वेळेवर हजर. बरोबर दोरखंड आणि दोन जुन्या गोधड्या, नव्या मशीनला ओरखडा नको म्हणून. त्यांना खाली पार्किंगमध्ये थांबवून आम्ही वर गेलो.

दुकान म्हणजे तुम्हाला माहीत असलेलंच एक. तीन मजले, गारेगार एसी, भिंतभर टीव्ही आणि सगळ्यांवर एकच समुद्र. सेल्समन पोरगा आमच्याच वयाचा, टाय वगैरे लावून. त्यानं इन्व्हर्टर मोटर, क्विक वॉश, वायफाय असं सगळं धडाधडा सांगितलं. बाबांनी एकच प्रश्न विचारला, "पाणी किती पितं?"

इथे एक सांगायला हवं. बाबांनी लक्ष्मी रोडवरच्या कापडदुकानात एकतीस वर्षं काढली आहेत, काउंटरच्या आतल्या बाजूला. दुकानदारीतलं त्यांना काही नवीन नाही. स्टिकर होतं २७,४९०चं. पाऊण तास गप्पा मारत, मध्येच उठून दुसऱ्या मशीनकडे बघत, बाबांनी ते २६,९९० वर आणलं. पाचशे रुपये! त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. रिटायर झाल्यानंतर प्रथमच त्यांनी बहुतेक स्वतःच्या धंद्यातलं काही केलं असावं. पैशाचं पाकीट काढून ते स्वतः कॅश काउंटरवर उभे राहिले.

बिल आलं २७,५८९चं.

"हे काय?" बाबा.

"डिलिव्हरी अॅण्ड हँडलिंग, सर. ५९९."

"पण आमचा टेम्पो खाली उभा आहे."

"कंपल्सरी आहे, सर. ते सिस्टीममधूनच येतं."

"मग काढा."

"काढता नाही येत. सिस्टीम घेत नाही, सर. बिलच होत नाही."

बाबा अतिशय शांतपणे म्हणाले, "मग त्या सिस्टीमला जरा बाहेर बोलवा, मी बोलतो."

सिस्टीमऐवजी मॅनेजर आले. त्यांनी नवंच काहीतरी सांगितलं. आम्ही बघितलेलं मशीन डिस्प्ले पीस होतं, खरा माल वाघोलीच्या गोडाऊनला. आम्ही टेम्पो घेऊन वाघोलीला जातो म्हटलं, तर तिथे कस्टमरला अलाउड नाही. शिवाय वाटेत काही तुटलं-फुटलं तर जबाबदारी कुणाची? यातला हा शेवटचा मुद्दा अगदीच चुकीचा नाही, हे मलाही पटलं. पण मग मला सही करून माझ्या जबाबदारीवर न्यायची मुभा हवी ना? तीही नाही. म्हणजे मशीन पाहिजे तर त्यांची गाडीही पाहिजे. आणि गाडी नको तर मशीनही नाही.

मागे लाइन लागली होती. एकानं घड्याळ बघितलं, एकीनं मोठ्यानं उसासा सोडला. आणि मी म्हणालो, "जाऊ द्या ना बाबा, सहाशेच रुपये आहेत." नुसतं म्हणालो नाही, तर पटकन माझं कार्ड पुढे केलं. पिन, पावती, थँक यू सर, हॅव अ नाइस डे.

बाबा काही बोलले नाहीत. पाकीट परत खिशात ठेवलं आणि खाली जाऊन टेम्पोवाल्या काकांना "आज नाही जमलं" म्हणाले. मी चारशे रुपये पुढे केले, तर काकांनी दोनशेच घेतले. "माल नाही, तर पूर्ण भाडं कशाचं?" म्हणत गोधड्यांच्या घड्या घातल्या आणि रिकामी गाडी घेऊन गेले.

घरी येईपर्यंत माझ्या लक्षात आलं होतं, की दुकानानं बाबांचे ५९९ रुपये घेतले, पण त्यांना गप्प मी केलं.

आपण सगळे हे "जाऊ दे" रोज करतो. हॉटेलचं बिल आलं की सर्व्हिस चार्जची ओळ दिसते, पण समोर कलीग बसलेले असतात. चारशे-पाचशेसाठी वाद घालायला आपल्याला लाज वाटते आणि वेळही नसतो. आपल्या या लाजेवरच ही सगळी सिस्टीम चालते, असं माझं मत झालं आहे. त्या रात्री मी ती पावती घेऊन बसलो. ५९९मध्ये मूळ चार्ज ५०७ रुपये ६३ पैसे आणि त्यावर १८ टक्क्यांनी जीएसटी ९१ रुपये ३७ पैसे. जो टेम्पो आम्हाला नको होता, त्याच्यावर आम्ही टॅक्सही भरला होता.

पहिली गोष्ट, अशा वेळी आपण सगळे ज्या एमआरपीच्या नावानं ओरडतो, तिचा इथे काही उपयोग नाही. एमआरपीपेक्षा जास्त घेता येत नाही हे खरं, पण खोक्यावरची एमआरपी होती ३४,९९०. दुकानदार तिच्या खालीच विकतो, त्यामुळे ५९९ मिळवूनही तो बिनघोर. खरा मुद्दा किमतीचा नाही, सक्तीचा आहे. आणि त्याला ग्राहक संरक्षण कायदा, २०१९मध्ये चांगलं जाडजूड नाव आहे: प्रतिबंधक व्यापार प्रथा. कलम २(४१). एक वस्तू घ्यायची तर दुसरी वस्तू किंवा सेवा घेतलीच पाहिजे अशी अट घालणं त्यात येतं. माल पोचवण्याच्या अटींत फिरवाफिरव करून ग्राहकावर विनाकारण खर्च लादणं, हेही त्याच कलमात आहे. मी ते दोनदा वाचलं. जणू कुणीतरी आमच्या मागे त्या लाइनमध्ये उभं राहूनच लिहिलं होतं.

दुसरी गोष्ट, सांगायचं कधी? डिसेंबर २०२०मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगानं एका मोठ्या रिटेल साखळीच्या कॅरीबॅगच्या प्रकरणात म्हटलं होतं, की माल निवडून झाल्यावर, ऐन पैसे भरायच्या वेळी पिशवीचे पैसे सांगणं ही अनुचित प्रथा आहे. पिशवीला जे लागू, ते टेम्पोला का नाही? गंमत म्हणजे तेच मशीन ऑनलाइन मागवलं असतं, तर २०२०च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे डिलिव्हरी चार्जसकट एकूण किंमत आणि तिची फोड दाखवणं विक्रेत्याला भाग होतं. आम्ही आपले पेट्रोल जाळून, माणसासमोर माणूस बसवून खरेदी केली, आणि शेवटचा आकडा कळला तो काउंटरवर.

सगळेच जादा चार्ज वाईट, असं मी म्हणत नाही. सिनेमाच्या ऑनलाइन तिकिटावरच्या कन्व्हिनियन्स फीवर महाराष्ट्र सरकारनं घातलेली बंदी जुलै २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं रद्द केली, आणि मला तरी त्यात अन्याय दिसत नाही. फी नको असेल तर थेटरची खिडकी आहे, जा आणि काढा तिकीट. उलट हॉटेलांच्या सर्व्हिस चार्जचं बघा. तो आपोआप बिलात लावू नये, अशा सूचना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२मध्ये काढल्या आणि २८ मार्च २०२५ला दिल्ली उच्च न्यायालयानं त्या उचलून धरल्या. फरक त्या खिडकीचा आहे. आमच्या दुकानात खिडकी नव्हती.

बाबांना हे सगळं वाचून दाखवलं, तर म्हणाले, "आमचा शेठसुद्धा फुकट नाही पोचवायचा. लग्नाचा बस्ता बांधला की गठ्ठा घरपोच जायचा, पण हमाली भावातच धरलेली असायची. फक्त वेगळी मागायची आमची छाती नव्हती. गिऱ्हाईक उठून गेलं असतं." मग थोडं थांबून, "आता गिऱ्हाईक उठत नाही." हे बहुधा मलाच होतं.

दोन दिवसांनी मशीन आलं. दोन पोरं, घामानं निथळलेली, खालूनच ओरडली, "साहेब, लिफ्ट नाही? मग मजल्याचे वेगळे." मी ५९९ची पावती दाखवली. त्यातला मोठा हसला. "ते दुकानाचं. आम्हाला त्यातलं काय कळतंय?" भांडणार कुणाशी? पन्नास-साठ किलोचा बोजा दोघांनी नारायण पेठेतल्या त्या अरुंद जिन्यावरून तीन मजले वर आणला. आईनं चहा केला, बाबांनी दोनशे रुपये हातावर ठेवले. पोरांच्याकडे गोधडी नव्हती. मशीनच्या डाव्या अंगाला वीतभर ओरखडा आहे.

मग मी एकदाचा १९१५ला फोन लावला. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीत बोलता येतं. तक्रार नोंदवली, पावतीचा फोटो जोडला, कलमाचा नंबर लिहिला. आठवड्यानं दुकानातून फोन आला. अतिशय गोड आवाज. "सर, अॅज अ गुडविल जेस्चर आम्ही तुम्हाला ६०० रुपयांचं व्हाउचर देतो." वापरायचं कसं? पाच हजारांच्या पुढच्या खरेदीवर. बाबा शेजारीच होते. "पैसे घेतलेत, पैसे द्या म्हणावं," ते म्हणाले. मी शब्दशः तेच सांगितलं, आणि पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची असेल हेही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे फी नाही, वकील लागतोच असं नाही, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते. हे सांगताना माझा आवाज जरा कापला असेल, पण सांगितलं खरं.

एकोणिसाव्या दिवशी, ऐन मीटिंगमध्ये, मोबाइल वाजला. कार्डावर ५९९ रुपये जमा. संध्याकाळी तडक पेठेत गेलो. बाबांनी चष्मा पुसून मेसेज दोनदा वाचला.

"म्हणजे सिस्टीम घेते की," म्हणाले. मग पाकिटातून शंभराच्या दोन नोटा काढल्या, पायात चपला अडकवल्या आणि टेम्पोवाल्या काकांचे राहिलेले पैसे द्यायला खाली उतरले.