काखेंत कळसा, गांवाला वळसा

दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुटी जवळ आली म्हणजे घरोघर एकच प्रश्न निघतो: यंदा कोठें जावयाचें? कोणी महाबळेश्वरचें नांव घेतो, कोणी गोव्याचें. आणि ज्यांना तेवढें साधत नाहीं, ते निदान गाडी करून भंडारदऱ्यास जाऊन येतात. प्रवासाविरुद्ध आमचें कांहींच म्हणणें नाहीं. प्रवासानें मनुष्य शहाणा होतो, हें खरेंच आहे. परंतु भंडारदऱ्याहून परत आलेल्या विद्यार्थ्याला, "बाळ, आपल्या कालव्यांतील पाणी कोठून येतें?" असें विचारावें आणि त्यानें नुसतें तोंडाकडे पाहावें, हें कांहीं शहाणपणाचें लक्षण नव्हे. जें पाणी पाहण्यासाठीं तो दिवसभर मोटारींत बसून गेला, तें पाणी तर स्वतःच त्याच्या गांवाला येत असतें!

देवळाली प्रवरेच्या मुलामुलींनीं व त्यांच्या आईवडिलांनीं महिन्यांतून निदान एक सकाळ आपल्याच परिसरांत पायीं हिंडण्यास द्यावी, डोळे उघडे ठेवून हिंडावें, आणि जें पाहिलें व ऐकलें तें लिहून ठेवावें, असें आमचें आग्रहाचें सांगणें आहे. "येथें पाहण्यासारखें आहे तरी काय? ऊंस, ऊंस आणि ऊंस!" असें पुष्कळांस वाटेल. त्यांच्यासाठींच हा लेख आहे.

नाशिकजवळ एक देवळाली आहे, आणि ही आपली देवळाली प्रवरेची. गांवाच्या नांवांतच नदी आहे. परंतु त्या नदीच्या कांठापर्यंत पायीं गेलेले विद्यार्थी किती निघतील? ही नदी सह्याद्रींत रतनगडच्या बाजूला उगम पावते, अकोले व संगमनेर मागें टाकून आपल्या भागांत येते, आणि नेवाशावरून पुढें जाऊन टोक्याजवळ गोदावरीस मिळते. लोक तिला अमृतवाहिनी म्हणतात. पावसाळा सरल्यावर तिच्या कांठीं जावें आणि पुरानें कापलेल्या एखाद्या दरडीकडे नीट पाहावें. कोठें तळाशीं गोट्यांचा थर दिसतो, त्यावर पिवळसर गाळ, आणि सर्वांत वर आपल्या ओळखीची माती. पुस्तकाचीं पानें एकावर एक रचावीं, आणि सर्वांत जुनें पान सर्वांत खालीं असावें, तसाच हा प्रकार आहे.

हें पुस्तक वाचण्यासाठीं विद्वानांनीं आपल्या नदीचा कांठ पायाखालीं घातला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. हसमुख धीरजलाल सांकळिया यांनीं १९५४ पासून नेवासें येथें उत्खनन केलें, तेव्हां अश्मयुगापासून पुढच्या अनेक युगांतील मानवी जीवनाच्या खुणा एकाच परिसरांत मिळाल्या. त्यापूर्वीं, १९५०-५१ सालीं, संगमनेरजवळ जोर्वे येथें उत्खनन झालें होतें. तेथें तांबूस रंगाचीं, काळ्या रेघांनीं चितारलेलीं सुबक मातीचीं भांडीं मिळालीं. पुढें तशींच भांडीं महाराष्ट्रांत ठिकठिकाणीं सांपडूं लागलीं, आणि तीन हजार वर्षांपलीकडील त्या शेतकरी लोकांच्या संस्कृतीला 'जोर्वे संस्कृति' हेंच नांव पडलें. आपल्या नदीवरील एका लहानशा खेड्याचें नांव संशोधकांच्या ग्रंथांत जाऊन बसलें आहे. आपल्या मुलांच्या तोंडीं मात्र तें नाहीं.

याहूनही जवळचें उदाहरण दायमाबादचें. देवळालीपासून तीनचार कोसांवर, श्रीरामपूर तालुक्यांत, प्रवरेच्या डाव्या तीरावर ही ओसाड जागा आहे. तेथील प्राचीन वस्तीचा शोध १९५८ सालीं लागला आणि १९७९ पर्यंत तेथें तीन वेळां उत्खननें झालीं. एकावर एक अशा पांच संस्कृतींचे थर निघाले. त्यांतील एक सिंधुसंस्कृतीच्या उत्तरकाळांतील होता. परंतु दायमाबादची कीर्ति सर्वत्र पसरली ती एका वेगळ्याच घटनेनें. १९७४ सालीं छबू लक्ष्मण भिल्ल नांवाचे गृहस्थ एका झुडपाचें मूळ खणीत असतां त्यांना जमिनींत कांशाचीं चार शिल्पें सांपडलीं: बैल जुंपलेला रथ व त्यांत उभा असलेला पुरुष, रेडा, हत्ती आणि गेंडा. त्यांचा काळ नक्की कोणता, याविषयीं पंडितांत मतभेद आहेत. त्यांच्या मोलाविषयीं मात्र नाहींत. बैल व रेडा आपल्या नित्याच्या ओळखीचे. पण गेंडा? तो घडविणाऱ्या कारागिरानें तो कोठें पाहिला असेल? असा प्रश्न ज्या मुलाच्या मनांत उभा राहील, त्याला इतिहासाची गोडी निराळी लावावी लागणार नाहीं.

जोर्वे संस्कृतीच्या लोकांचीं लहान मुलें दगावलीं, तर ते त्यांना मडक्यांत ठेवून घराच्या जमिनीखालींच पुरीत. अशीं दफनें दायमाबादेसही मिळालीं आहेत. त्यामागें त्यांची कोणती समजूत होती तें कोणी सांगावें? परंतु हें वाचतांना, आपलें मूल मेल्यावरही त्या आईला तें उंबऱ्याबाहेर नेववत नव्हतें, असें वाटल्यावांचून राहत नाहीं. सनावळींची घोकंपट्टी जें शिकवीत नाहीं, तें नदीकांठचें एक मडकें शिकवितें.

आतां त्या उंसाकडे वळूं. १८७६-७८, १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांनीं नगर जिल्हा, म्हणजे आजचा अहिल्यानगर जिल्हा, होरपळून निघाला. पुढें भंडारदऱ्यास प्रवरा अडविण्याचें काम १९१० सालीं सुरू झालें आणि १९२६ सालीं सुमारें ८२ मीटर उंचीचें तें दगडी धरण पुरें झालें. धरणांतून सुटलेलें पाणी नदीच्याच पात्रानें ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत येतें, आणि तेथें त्याला डावा व उजवा अशा दोन कालव्यांच्या वाटा फुटतात. त्यांतील उजव्या कालव्याचें पाणी आपल्याकडे येतें. पाण्यामागून ऊंस आला, उंसामागून साखर कारखाने आले. लोणी येथें विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकारानें व धनंजयराव गाडगीळ यांच्या साह्यानें शेतकऱ्यांनीं १९५० सालीं आपल्या मालकीचा सहकारी साखर कारखाना सुरू केला, आणि साऱ्या देशानें त्याचा कित्ता गिरविला. ज्या उंसाला आपण कंटाळतों, त्याच्या प्रत्येक पेरामागें एवढी मोठी हकीकत आहे.

म्हणून कालव्याच्या कडेनें चालतांना पाटकऱ्याला विचारावें, पाण्याची पाळी कशी ठरते आणि शेवटच्या शेतापर्यंत पाणी किती दिवसांनीं पोहोंचतें. घरीं आजोबांस विचारावें, विहिरीवर मोट कशी चालत असे. मोट, नाडा, सोंदूर, धांव, थारोळें हे शब्द ज्यांनीं पुस्तकांत वाचले नाहींत, तर हातांनीं वापरले, अशीं माणसें आतां थोडीं उरलीं आहेत. त्यांच्याबरोबर ते शब्दही जातील.

वाङ्मयाची आवड असणाऱ्यांनाही दूर जाण्याचें कारण नाहीं. ज्या नेवाशास शके १२१२ मध्यें ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तें याच प्रवरेच्या कांठीं आहे. आपल्या तालुक्याचें ठाणें जें राहुरी, तेथें रेव्हरंड नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई हें दांपत्य कांहीं काळ राहिलें होतें. त्या दिवसांच्या आठवणी लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रें' या ग्रंथांत आहेत. तो वाचून मग राहुरीच्या रस्त्यानें चालावें. रस्ता निराळा वाटेल.

यावर पालकांचे दोन आक्षेप येतील, हें आम्ही जाणतों. पहिला, अभ्यास बुडतो. महिन्यांतील एका सकाळीनें बुडेल असा अभ्यास मुळांतच कच्चा म्हटला पाहिजे. उलट भूगोलांतील नदी, इतिहासांतील ताम्रयुग व शेतकीशास्त्रांतील जमिनीचे प्रकार एकाच फेरींत डोळ्यांपुढें उभे राहतात. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मुलें नदीवर गेलीं म्हणजे घरच्यांचा जीव टांगणीला लागतो. ही भीति खोटी नव्हे. कालव्याची कड निसरडी असते, पाण्याला ओढ असते, आणि वरून पाणी सुटलें कीं नदी हां हां म्हणतां चढते. म्हणूनच मुलांना एकटें पाठवूं नये आणि पाण्यांत उतरूं देऊं नये. मोठ्यांनीं स्वतः बरोबर जावें. वडिलांनीं शेताच्या बांधावरून चालत चालत सांगितलेली गोष्ट मुलगा जन्मभर विसरत नाहीं.

आम्ही इतक्या आग्रहानें लिहितों, याचें कारण असें कीं ह्या पुस्तकाचीं पानें रोज फाटत आहेत. आपले शेतकरी पिकाच्या जमिनीला काळी म्हणतात आणि वस्तीच्या जागेला पांढरी. शेंकडों वर्षांच्या राखेनें व पडक्या भिंतींच्या मातीनें पांढुरकीं झालेलीं टेकाडें हाच जुन्या गांवांचा दफ्तरखाना. तो घडण्यास पिढ्यान् पिढ्या लागल्या. आजचें यंत्र तो एका दिवसांत सपाट करतें. वाळूच्या उपशानें नदीचें रूप पालटतें, जुने वाडे पडतात, बुजलेल्या विहिरींचीं नांवें लोक विसरतात. हें सर्व थांबविणें विद्यार्थ्यांच्या हातीं नाहीं. परंतु नोंद करून ठेवणें खचित त्यांच्या हातीं आहे.

तेव्हां प्रत्येक विद्यार्थ्यानें एक वही करावी. आपल्या शिवारांतील ओढे, विहिरी व शेतें यांचीं नांवें आणि त्यांमागील गोष्टी तींत लिहाव्या. सांगणाऱ्याचें वय व तारीख टांकावी. भ्रमणध्वनी हातांत असतोच, त्याचा उपयोग एखाद्या जुन्या दरवाजाचें छायाचित्र घेण्याकडे करावा. टेकाडावर खापरें दिसलीं तर पाहावीं, तेथेंच ठेवावीं आणि जागेची नोंद करावी; उकरूं मात्र नये, कारण जागेवरून हललेलें खापर मुकें होतें. कांहीं महत्त्वाची वस्तु सांपडली तर शिक्षकांस सांगावें व तहसील कचेरीस कळवावें.

दायमाबादचा तो रथ पंडितांना सांपडला नाहीं. तो सांपडला याच मातींत राबणाऱ्या एका हाताला. पुढचा शोध कोणाच्या नशिबीं आहे, तें कोणीच सांगूं शकत नाहीं. परंतु जो घराबाहेर पडून पायांखालच्या जमिनीकडे पाहतच नाहीं, त्याच्या नशिबीं तो नाहीं, एवढें निश्चित. विद्यार्थिमित्रहो, येत्या कार्तिकांतील एखादा रविवार निवडा, आजोबांचा हात धरा, आणि सूर्य वर येण्यापूर्वीं कालव्याच्या वाटेला लागा.