धंद्याची विद्या आणि सीमेवरील तरुण



पीयूसीचे, म्हणजे आपल्याकडील बारावीचे, निकाल लागले की भालकी, औराद, बसवकल्याण आणि आळंद या तालुक्यांतील मराठी घरांत एक प्रश्न हमखास निघतो. मुलाने आता काय करावे? गुण फार मोठे नसतात, अभियांत्रिकीचा खर्च पेलणारा नसतो आणि शेत चार भावांत वाटले गेलेले असते. मग वडील म्हणतात, “दुकान टाक.” आई म्हणते, “निदान पदवी तरी होऊ दे.” दोघांचेही म्हणणे खरे आहे, परंतु या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधी आहेत असे जे आपण गृहीत धरून चालतो, ते मात्र तपासून पाहण्यासारखे आहे. लहान धंदा चालविण्याची विद्या हीच पदवीचा विषय होऊ शकते, आणि ती विद्या घराजवळच्या महाविद्यालयात, हाताने काम करीत करीत मिळविता येते, हा विचार जगात काही आजचा नाही. त्याविषयी आज थोडे लिहावयाचे आहे.

प्रथम बीदरच्याच भूमीकडे पाहू. बीदर शहरात महमूद गवानाच्या मदरशाची भव्य वास्तू आजही उभी आहे. सन १४७२ च्या सुमारास ती बांधली गेली. हा गवान इराणातील गिलान प्रांताचा. तो या मुलखात आला तो व्यापारी म्हणून, आणि पुढे बहामनी राज्याचा वजीर झाला. बाजारात वावरलेल्या माणसाने विद्यालय उभारावे, हे त्या गावाने पाहिलेले आहे. त्याहूनही तीनशे वर्षे मागे गेलो तर बसवकल्याण लागते. तेथे बाराव्या शतकात महात्मा बसवेश्वरांनी ‘कायक’ हा विचार लोकांपुढे ठेवला. प्रामाणिक श्रम हीच पूजा, असा त्याचा आशय आहे. बसवेश्वर स्वतः बिज्जल राजाच्या दरबारी भांडारी होते, म्हणजे जमाखर्च हा त्यांचा नित्याचा व्यवसाय होता. तात्पर्य, हिशेब आणि विद्या, धंदा आणि सदाचार यांची फारकत या मातीला मान्य नव्हती. ती आपण अलीकडे केली.

आता ‘कम्युनिटी कॉलेज’ म्हणजे काय ते पाहू. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील जोलिएट या गावी १९०१ साली असे पहिले सार्वजनिक महाविद्यालय निघाले. १९४७ साली अध्यक्ष ट्रुमन यांच्या आयोगाने या संस्थांचा जोरदार पुरस्कार केला आणि ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव रूढ झाले. कल्पना साधी आहे. महाविद्यालय गावाजवळ असावे, शुल्क माफक असावे, नोकरी करणाऱ्यालाही वर्गाला येता यावे, आणि त्या परिसरातील कामधंद्याला जे लागते ते तेथे शिकविले जावे. लहान व्यवसायाचे व्यवस्थापन हा तेथील एक नेहमीचा अभ्यासक्रम होय. साधारण दोन वर्षांत विद्यार्थी प्राथमिक पदवी घेतो. पुढे इच्छा असल्यास तो विद्यापीठात जातो, नसल्यास आपल्या दुकानाकडे वळतो.

आपल्या देशात ही कल्पना प्रथम १९९५ साली पाँडिचेरी विद्यापीठाने आणि लगेच १९९६ साली मद्रास-मैलापूरच्या आर्चडायोसिसने प्रत्यक्षात आणली. शाळा अर्ध्यावर सुटलेली गरीब मुले-मुली डोळ्यांपुढे ठेवून हे मद्रास कम्युनिटी कॉलेज निघाले होते, ही गोष्ट आपल्या वाचकांना आनंद देणारी आहे. येशूसंघाचे फादर झेवियर अल्फोन्स यांनी पुढे ही चळवळ देशभर नेली. कालांतराने शासनानेही ती उचलली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३ साली कम्युनिटी कॉलेजांची आणि २०१४ साली ‘बी. व्होक.’, म्हणजे व्यवसायशिक्षणाच्या पदवीची, योजना आखली. या पदवीची रचना लक्षात घेण्यासारखी आहे. एक वर्षाने पदविका, दोन वर्षांनी उच्च पदविका आणि तीन वर्षांनी पदवी, अशा तिच्या तीन पायऱ्या ठरविण्यात आल्या. एकूण अभ्यासापैकी सुमारे साठ टक्के भाग प्रत्यक्ष कौशल्याचा आणि चाळीस टक्के सामान्य शिक्षणाचा असावा, असेही सुचविण्यात आले. मध्येच घरची अडचण आली तर विद्यार्थी रिक्त हस्ताने परत जात नाही, हा या पायऱ्यांचा मोठा लाभ आहे.

येथे कोणी विचारील, “शासनाची लहान प्रशिक्षणे आहेतच, मग तीन वर्षे कशाला?” प्रश्न योग्य आहे. कर्नाटकातच उजिरे येथे १९८२ साली धर्मस्थळाचे श्री. वीरेंद्र हेग्गडे यांच्या पुढाकाराने आणि सिंडिकेट व कॅनरा या बँकांच्या साहाय्याने ग्रामीण तरुणांना स्वयंरोजगाराचे शिक्षण देणारी संस्था निघाली. तिचाच आदर्श पुढे ठेवून आज देशभर जिल्ह्याजिल्ह्यांतून बँका अशी केंद्रे चालवितात. तेथे काही दिवसांत वा आठवड्यांत शिवणकाम, दुग्धव्यवसाय, मोटारदुरुस्ती असे एखादे काम शिकविले जाते. हे शिक्षण उपयुक्त आहे. परंतु शिलाईयंत्र चालविणे वेगळे आणि शिलाईचे दुकान दहा वर्षे चालविणे वेगळे. पहिल्यासाठी हात तयार व्हावा लागतो. दुसऱ्यासाठी हिशेब, कायदा, माणसांची पारख आणि पुढच्या हंगामाची जाण लागते, आणि त्याला वेळ द्यावाच लागतो.

हे उदाहरणाने स्पष्ट करू. कलबुर्गी जिल्ह्यातील महिला गटांनी ज्वारीच्या भाकरीला, तेथील भाषेत ‘रोट्टी’ला, ‘कलबुर्गी रोट्टी’ या नावाने बाजारात प्रतिष्ठा मिळवून दिली आहे. जून २०२५ मध्ये पंतप्रधानांनीही आकाशवाणीवरील आपल्या भाषणात या भगिनींचा उल्लेख केला आणि रोज तीन हजारांहून अधिक भाकरी केल्या जातात असे सांगितले. त्यांचे पाहून समजा सीमेवरील एखाद्या गावात तीन भगिनींनी असाच उद्योग आरंभिला. पुढील आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. रोज ३०० भाकरी केल्या. दर आठ रुपये. पीठ, सरपण आणि वेष्टन मिळून भाकरीमागे चार रुपये खर्च, म्हणजे १२०० रुपये. वीस भाकरी उरल्या, म्हणून विक्री २८० भाकरींची, २२४० रुपयांची. हातात १०४० रुपये शिल्लक दिसतात आणि तिघींना वाटते, धंदा छान चालला.

आता खरा हिशेब मांडू. तिघींची मजुरी प्रत्येकी २५० रुपये धरली तर ७५० रुपये झाले. घरची माणसे म्हणून ती धरली नाही, तर आपण स्वतःलाच फसविले. रिक्षाचे १५० रुपये; जागेचे भाडे आणि यंत्राच्या कर्जाचा हप्ता मिळून दिवसाला २०० रुपये. एकूण खर्च २३०० रुपये. विक्रीतून तो वजा केला की रोज साठ रुपयांचा तोटा निघतो! तिघी वर्षभर राबतील, आणि कर्ज का फिटत नाही हे त्यांना कळणारही नाही. परंतु ज्याने हिशेब शिकला आहे तो तेथे निराश होणार नाही. तो सांगेल की तितक्याच उरल्या असे धरले तर रोज ३१५ भाकरींवर तोटा थांबतो, आणि ४०० केल्या तर ३४० रुपये खरा नफा उरतो. म्हणून आणखी शंभर भाकरी घेणारी खानावळ किंवा वसतिगृह शोधा. एवढे एक वाक्य सांगता येणे, यासाठीच ती विद्या आहे.

दुसरी गोष्ट खेळत्या भांडवलाची. कलबुर्गी हा तुरीचा मुलूख. तेथील तूरडाळीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पेरणी जून-जुलैत होते आणि तूर घरात येते ती डिसेंबर-जानेवारीत. मधले सहा महिने खेड्यातील किराणा दुकान उधारीवर चालते. वहीत नफा दिसतो, पण गल्ल्यात पैसा नसतो आणि घाऊक व्यापारी तर थांबायला तयार नसतो. असे दुकान नफ्यात असतानाच बुडते! उधारी किती द्यावी, कोणाला द्यावी, पावसाने दगा दिला तर काय करावे, बँकेकडून हंगामी कर्ज कोणत्या महिन्यात घ्यावे, हे पुस्तकातील पाठ आहेत; परंतु त्यांची परीक्षा आळंदच्या बाजारात होते. डाळगिरणीचेही तसेच. क्विंटलभर तुरीतून सुमारे सत्तर किलोच्या आसपास डाळ निघते. उरलेली चुनी व टरफल जनावरांच्या खाद्याला जाते. त्या चुनीचे पैसे ज्याच्या हिशेबात नाहीत, त्याला आपल्या डाळीचा भाव नीट ठरविता येणार नाही.

तिसरे उदाहरण बीदरच्या सुप्रसिद्ध बिदरी कामाचे. जस्त आणि थोडे तांबे यांच्या मिश्रणातून भांडे ओतावयाचे, त्यावर चांदीची नक्षी ठोकावयाची आणि किल्ल्यातील मातीने ते काळे करावयाचे, ही ती कला होय. २००६ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०२३ साली शाह रशीद अहमद कादरी या कारागिराला ‘पद्मश्री’ने गौरविण्यात आले. मान मिळाला, तथापि चांदीचा भाव चढला की लहान कारागिराचे भांडवल आटते, आणि मागणी असूनही तो माल करू शकत नाही. कलेला येथे व्यवहाराची जोड हवी. कारागिराचा मुलगा हातोडी सोडून शहरात जाण्याऐवजी आगाऊ रक्कम कशी घ्यावी, भाव कसा बांधावा, परगावच्या ग्राहकाशी करार कसा करावा हे शिकला, तर ती कला त्याच्या पोटापाण्याला पुरेल.

आता आपल्या मराठी मुलांची खास अडचण. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची विभागणी झाली आणि बीदर व गुलबर्गा (आजचे कलबुर्गी) हे भाग त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेले. त्या वादात आज शिरावयाचे नाही. मुलगा मराठी शाळेत शिकतो, महाविद्यालयात इंग्रजी व कन्नड त्याच्यासमोर उभी राहते, आणि तो एक तर उदगीर-लातूर-सोलापूरची वाट धरतो किंवा शिक्षणच सोडतो. बाहेर जाणाऱ्यांना दोष देण्याचे कारण नाही. परंतु धंद्याच्या दृष्टीने पाहिले तर सीमेवरचा हा मुलगा भाग्यवान आहे. त्याला मराठी, कन्नड, दखनी उर्दू आणि थोडी तेलुगू कानावरून येते. चार भाषांत भाव करता येणारा व्यापारी कोणाला नको आहे? कन्नड नीट लिहावयास-वाचावयास शिकणे म्हणजे मराठीशी द्रोह नव्हे. कचेरीतील परवाना, बाजार समितीची पावती आणि बँकेचा अर्ज त्याला स्वतः वाचता आला पाहिजे. आणखी एक गोष्ट पालकांनी जाणून घ्यावी. घटनेच्या ३७१-जे या कलमान्वये २०१३ पासून या विभागातील स्थानिकांसाठी शिक्षणात व नोकऱ्यांत राखीव जागा आहेत. तेथे ‘स्थानिक’ ठरतो तो जन्माने किंवा रहिवासाने. घरात कोणती भाषा बोलतात यावर नव्हे. तो दाखला वेळीच काढून ठेवावा.

भांडवलाविषयी दोन शब्द. नाबार्डने १९९२ मध्ये बचतगट बँकांशी जोडण्याचा उपक्रम आरंभिला, आणि या कामात बीदरच्या जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने चांगले नाव मिळविले. २०१५ पासून मुद्रा योजनेखाली लहान धंद्यांना तारणाशिवाय कर्ज मिळते. पहिली पायरी पन्नास हजार रुपयांपर्यंतची आहे. अन्नप्रक्रियेच्या लहान उद्योगांना २०२० च्या केंद्रीय योजनेत खर्चाच्या पस्तीस टक्के, कमाल दहा लाखांपर्यंत, अनुदानाची तरतूद करण्यात आली. म्हणजे पैसा अगदीच मिळत नाही असे नाही. परंतु हिशेब न येणाऱ्याच्या हाती आलेले कर्ज म्हणजे पोहता न येणाऱ्याच्या पाठीवर बांधलेले ओझे होय. वसईकर वाचकांना हे वेगळे सांगावयास नको. तेथे १९१८ साली मोन्सिन्योर मोनीस यांनी कॅथॉलिक सहकारी पतसंस्थेचे बीज लावले, आणि कर्जाबरोबर काटकसरीची शिस्तही लोकांना लागली, म्हणूनच त्या बीजाचा वृक्ष झाला.

शेवटी, प्रवेश घेण्यापूर्वी पालकांनी महाविद्यालयात जाऊन पाच प्रश्न निःसंकोच विचारावेत. ही पदवी कोणत्या विद्यापीठाची व आयोगाला मान्य आहे का? एका वर्षाने सोडल्यास कोणता दाखला मिळेल? प्रत्यक्ष काम कोणत्या दुकानात वा गिरणीत, आणि किती महिने? शिकविणाऱ्यांत स्वतः धंदा केलेला कोणी आहे का? आणि कच्च्या इंग्रजी-कन्नडसाठी पहिल्या वर्षी काही साहाय्य आहे का? उत्तरे समाधानकारक नसतील तर नुसत्या नावाला भुलू नये. अशा अभ्यासक्रमात फळा आणि बाजार दोन्ही हवेत. नुसता फळा असेल तर तीच जुनी पदवी नव्या नावाने आली असे समजावे.

आणि मुलाचा प्रवेश होवो अथवा न होवो, एक अभ्यास आजपासूनच घरी सुरू करता येईल. एक वही आणावी. दुकानाचा, दुभत्या म्हशीचा किंवा शिवणयंत्राचा जमाखर्च त्या वहीत वेगळा आणि घरखर्च वेगळा लिहावा. घरातील माणसांच्या श्रमाचे मोल त्यात धरावे. महिन्याच्या अखेरीस आईवडील व मुले यांनी मिळून ती वाचावी. सहा महिने हे नेमाने झाले, तर पदवी कशासाठी हवी, हे मुलगा आपण होऊन सांगेल. आणि वडिलांचे दुकान व आईची पदवी यांतील भांडण त्या घरापुरते तरी मिटेल.